‘जंजिरा’ ही संज्ञा आणि जंजिऱ्याची सत्ता

गतवर्षी हिवाळ्यात पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह जुन्नर परिसरातील स्थलनामांची पाहणी करून परतत असता आळेफाट्याच्या एस. टी. स्थानकावर आम्हांस पुण्याच्या गाडीची बराच वेळ वाट पाहावी लागली. विद्यार्थ्यांपैकी एकजण मुरूडकडचा होता. आपल्या गावच्या परिसरातील नावांवर तो प्रबंधिका लिहीत होता, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात तो अडला होता. त्याने विचारले, “सर, सिद्दीला परकी म्हणावे की नाही? परकी म्हणावे तर तीनशे वर्षांहून अधिक काळ आमचे आजे-पणजे ज्यांच्या अमलात राहिले ते कोण, हे सांगता येत नाही. आणि परकी न म्हणावे, तर वाचणारे मलाच परका ठरवतील.” प्रश्नाचा दुसरा भाग त्याने हसत उच्चारला, परंतु तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. गाडी आली, आणि उत्तर राहून गेले. ते येथे देण्याचा प्रयत्न केला आहे. इतिहासकारांच्या क्षेत्रात पाऊल टाकण्याचा आमचा अधिकार मर्यादित आहे, याची जाणीव आहे. तथापि जंजिऱ्याविषयीचा मराठीतील वाद जितका घटनांचा आहे तितकाच शब्दांचा आहे, आणि शब्दांच्या बाबतीत भाषाशास्त्राच्या अभ्यासकास दोन शब्द बोलण्याची मुभा असावी.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दापासून आला, याविषयी दुमत नाही. याच शब्दाच्या अनेकवचनी रूपापासून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्जीरियास नाव मिळाले. मराठीत शिरताना शब्दाच्या पोटात जो अनुनासिक आला, त्याचे स्पष्टीकरण दोन प्रकारे करता येते. एक तर ‘पक्ष’चे ‘पंख’ व ‘उष्ट्र’चे ‘उंट’ होताना जो उत्स्फूर्त अनुनासिक आपल्या भाषांत प्रकटतो, तोच येथे आला असेल. किंवा फारसी ‘जंजीर’ म्हणजे साखळी या परिचित शब्दाची छाया त्यावर पडली असेल. आम्हांस दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते. पाण्यातील तटबंदी व साखळी यांचे साहचर्य लोकमानसास सहज पटणारे आहे. ते काही असो. महत्त्वाची गोष्ट ही की, मराठीत ‘जंजिरा’ हे प्रथमतः सामान्यनाम होते. मराठी कागदपत्रांतून जंजिरे सुवर्णदुर्ग, जंजिरे सिंधुदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग असे उल्लेख येतात, आणि तेथे ‘जंजिरा’ याचा अर्थ केवळ पाण्यातील किल्ला असा आहे. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याचे विशेषनाम ‘मेहरूब’ असे होते. ते कागदोपत्री उरले, आणि सामान्यनामाने विशेषनामाची जागा घेतली. ‘जंजिरा बेट’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे पाहता ‘बेट बेट’ असेच म्हणत असतो.

हे केवळ कुतूहलाचे म्हणून सांगितले नाही. या बेटाच्या नावात कोणाचे स्वामित्व नाही, कोणाचा वंश नाही, कोणाचा धर्म नाही. ‘रायगड’ या नावात राजा आहे. ‘अहमदनगर’ या नावात संस्थापक होता, आणि ते नगर २०२४ साली अधिकृतरीत्या अहिल्यानगर झाले. ‘जंजिरा’ या नावात मात्र पाण्याने वेढलेल्या खडकापलीकडे काहीही नाही. त्यामुळे ज्याला जे हवे ते त्याने त्यात भरले. शाळकरी पुस्तकांत व पर्यटकांसाठी छापलेल्या पत्रकांत ‘अजिंक्य’ हे विशेषण या नावाला चिकटलेले दिसते. ‘अजिंक्य’ या विशेषणाला कर्त्याची अपेक्षा असते: कोणाला अजिंक्य? मराठ्यांना, हे उत्तर वाचकाने मनातल्या मनात भरावयाचे असते. वस्तुतः पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोळ्यांच्या राम पाटलाने या खडकावर उभारलेला लाकडी मेढेकोट निजामशाहीच्या पीरमखानाने घेतला, असे परंपरा सांगते. व्यापाऱ्याच्या मिषाने दारूची पिंपे घेऊन तो उतरला व कोळी मद्याच्या अमलाखाली असता त्याने कोट काबीज केला, ही कथा ऐतिहासिकदृष्ट्या कितपत विश्वसनीय आहे हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी एवढे निश्चित की हे बेट एकदा जिंकले गेले होते. जे ज्यांच्याकडून जिंकले गेले ते कोळी ‘अजिंक्य’ या विशेषणाच्या हिशेबात मोजले जात नाहीत. मराठे आणि सिद्दी यांच्या दाव्या-प्रतिदाव्यांत मूळ दावेदार कसे नाहीसे झाले, याचा हा एक नमुना आहे. आज दिसणारा दगडी कोट १५६७ ते १५७१ या काळात बुऱ्हाणखानाने बांधला.

आता बेटाच्या सत्ताधीशांस मराठीने कोणकोणत्या नावांनी संबोधिले ते पाहू. कारण ‘परकी’ की ‘आपला’ या प्रश्नाचे बीज येथे आहे. ‘हबशी’ हे नाव अरबी ‘हबश’ म्हणजे आजचा इथिओपिया व त्याच्या लगतचा प्रदेश यावरून आले. ते उगमाचे नाव होय. त्यावरूनच जंजिऱ्याच्या मुलखास ‘हबसाण’ म्हणत. ‘सिद्दी’ हे नाव अरबी ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे स्वामी’ या संबोधनापासून झाले. स्पेनच्या मध्ययुगीन वीराचे ‘सिद’ हे नावही याच शब्दाचे अपत्य आहे. ते मानाचे नाव होय. एके काळी गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या समूहास ‘स्वामी’ या अर्थाच्या शब्दाने ओळखले जावे, हा भाषेच्या इतिहासातील विलक्षण प्रकार आहे. बखरींतून व पत्रांतून येणारे ‘शामल’ हे तिसरे नाव वर्णावरून पडले आहे. आणि चौथे ‘राजपुरीकर’ अथवा ‘जंजिरेकर’. ते स्थानाचे नाव होय.

या चौथ्या नावाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘-कर’ हा प्रत्यय मराठीत मोठ्या उदारपणे लागतो. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात मुंबईचे इंग्रज ‘मुंबईकर’ होतात. परंतु तेच इंग्रज अन्य युरोपीयांसह ‘टोपीकर’ही होतात, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्यांच्याविषयी जो सावधगिरीचा इशारा आहे तो याच नावाने आहे. ‘टोपीकर’ या नावाने माणूस डोक्यावरील वस्तूशी बांधला जातो; तो कोठेही जाऊ शकतो, कोठूनही आलेला असू शकतो. ‘राजपुरीकर’ या नावाने तो जमिनीशी बांधला जातो. सिद्दीला मराठीने टोपीकरांच्या पंक्तीस बसविलेले नाही. एकाच सत्तेस उगमावरून, मानावरून, वर्णावरून आणि स्थानावरून अशी चार नावे देणाऱ्या भाषेचा त्या सत्तेविषयीचा निर्णय झालेला नव्हता, असे म्हणणे प्राप्त आहे. कोणत्या प्रकारच्या कागदात, कोणत्या दशकात, कोणते नाव अधिक येते याची काटेकोर मोजदाद झाली पाहिजे. प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जुन्नर परिसराचा उल्लेख वर आलाच आहे, म्हणून थोडे विषयांतर. मलिक अहमदाने १४९० साली निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली ती जुन्नराहून. पुढे हबशी मलिक अंबराच्या कारभारात जुन्नर काही काळ या शाहीची राजधानी झाले. जुन्नरनजीक हापूसबाग येथे ‘हबशी महाल’ या नावाची जुनी वास्तू आहे, आणि ‘हापूसबाग’ हे नाव मुळात ‘हबशीबाग’ असावे असे सांगतात. ध्वनिदृष्ट्या हा बदल सरळ नियमाने होणारा नाही. परंतु अर्थ विसरला गेलेला शब्द जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढला जातो, ही प्रक्रिया भाषेत सर्वत्र दिसते, आणि बागेच्या संदर्भात ‘हापूस’ या आंब्याच्या नावाइतके जवळचे दुसरे काय असणार? तसे असेल तर हबशाच्या नावावर पोर्तुगीज ‘अफोन्सो’चे नाव चढले, आणि गावकऱ्यांस दोघांपैकी कोणाचीच आठवण राहिली नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर हबशी इतका मुरला की त्याचे नाव आंब्यात विरघळले. तोच हबशी सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रात, शेवटपर्यंत ‘परकी’ राहिला. मलिक अंबराला आपण महाराष्ट्राच्या इतिहासातील कर्तबगार पुरुषांत गणतो, त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था पाठ्यपुस्तकांत शिकवितो. जंजिऱ्याच्या सिद्दीला मात्र तो मान देत नाही. दोघांचा उगम एक, धर्म एक. तेव्हा ‘परकी’ या शब्दाचा निकष उगम अथवा धर्म हा नाही, हे उघड आहे. निकष एवढाच की एकजण दिल्लीच्या मोगलांशी लढला, दुसरा त्यांच्या आश्रयास गेला.

हा निकष राजकीय आहे, आणि राजकीय निकष लावण्यास आमची हरकत नाही. परंतु मग तो सर्वांना सारखा लावला पाहिजे. सिद्दी स्वतंत्र नव्हता, तो सदैव कोणाचा ना कोणाचा मांडलिक होता, असे म्हटले जाते. हे शब्दशः खरे आहे. प्रथम निजामशाही, १६३६ नंतर आदिलशाही, आणि १६७१ साली किल्ल्यातील सिद्दी सरदारांनी फत्तेखानास दूर सारल्यानंतर मोगल बादशाही, असे धनी बेटाने बदलले. प्रत्येक धनी दूरचा होता, आणि प्रत्येक वेळी तो जवळच्या शत्रूविरुद्ध उपयोगी पडला. शिवाजीमहाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला, संभाजीमहाराजांनी १६८२ साली समुद्रात भराव घालून बेटापर्यंत वाट नेण्याचा प्रयत्न केला. या दडपणाखाली मोगलांचे नाव घेणे हाच सिद्दीचा तट होता. पुढे १६८९-९० साली याच सिद्दीने मुंबईच्या इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडून धरले, तेही बादशहाच्या नावाने. धनी निवडण्याचे व बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे, त्यास मांडलिक म्हणावे काय? बेटाच्या आतील व्यवस्था पाहता शंका आणखी वाढते. गादीवर कोण बसावे हे दीर्घकाळपर्यंत वारसाहक्कापेक्षा सिद्दी सरदारांच्या निवडीवर ठरत असे. १६७१ साली जे घडले त्यास आपण ‘फितुरी’ म्हणतो. बेटावरील सरदारांच्या दृष्टीने शत्रूशी तहास तयार झालेल्या प्रमुखास काढून दुसरा नेमण्याचा तो त्यांचा अधिकार होता.

उलट बाजूने पाहू. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या सनदांत चौथाई व सरदेशमुखीबरोबर ‘स्वराज्या’चीही सनद होती. ज्या मुलखाला आपण अभिमानाने स्वराज्य म्हणतो, त्याचे कागदोपत्री दातृत्व बादशहाकडे होते, आणि त्याच्या मोबदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीस ठेवण्याची अट होती. याचा अर्थ मराठे मोगलांचे मांडलिक होते असा कोणी करीत नाही, आणि करूही नये. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात नाममात्र आधिपत्य व प्रत्यक्ष सत्ता यांच्यातील अंतर हीच राज्यव्यवहाराची रीत होती. आमचे म्हणणे एवढेच की, हे अंतर शाहूमहाराजांच्या बाबतीत ओळखावयाचे व सिद्दीच्या बाबतीत विसरावयाचे, हा न्याय नव्हे. आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड केली जाते. सनदा आणणारा बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनच्या भट देशमुख घराण्यातील, आणि श्रीवर्धन सिद्दीच्या अमलातील. पेशवाईचे मूळ घराणे सिद्दीच्या मुलखातील वतनदार होते. ज्याच्या अमलात आपल्या पेशव्यांचे वाडवडील देशमुखी करीत होते, तो ‘परकी’ आणि त्याच्याशी वैर जडल्याने घाटावर गेलेले ते ‘स्वकीय’, हे विभाजन अठराव्या शतकातील लोकांस इतके सोपे वाटत नसावे.

सभासदाच्या बखरीतील एक प्रतिमा येथे साक्षीस घेण्याजोगी आहे. जिंजी येथे राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने राजपुरीच्या सिद्दीला घरातील उंदराची उपमा दिली आहे. शत्रूच्या क्षुद्रतेचा दाखला म्हणून ही उपमा पुष्कळांनी उद्धृत केली. परंतु तिच्या अधिकरणाकडे कोणी पाहिले नाही. उंदीर घरात असतो. बाहेरून येणाऱ्या शत्रूला मराठी बखरकार टोळधाड म्हणेल, वणवा म्हणेल, वाघ म्हणेल; उंदीर म्हणणार नाही. उंदीर उपद्रवी आहे, घरातून हाकलावा असा आहे, पण तो घराचाच रहिवासी आहे आणि घरधन्याला त्याच्या वाटा नेमक्या ठाऊक नाहीत. सभासदाला सिद्दीचा तिटकारा होता यात शंका नाही. तरीही त्याने निवडलेला शब्द सिद्दीचे स्थान घराच्या आत ठेवतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत राष्ट्र, स्वदेश, परदेश या कल्पना नव्याने आल्यावर लिहिलेल्या इतिहासांनी त्याला घराबाहेर काढले. बखरकाराची शत्रुत्वाची भाषा अधिक कडवट आहे. आधुनिक लेखकांची अधिक परिणामकारक आहे, कारण ती शत्रूचे रहिवासीपणच नाकारते.

यावर कोणी म्हणेल की हे सिद्दीचे वकीलपत्र झाले. तसे नाही. सिद्दीच्या आरमाराने किनाऱ्यावरील गावे लुटली, माणसे धरून गुलाम म्हणून नेली. १७२७ साली सिद्दी सातने परशुरामाच्या देवस्थानाचा विध्वंस केला, आणि ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रांतून त्याचा जो संताप व्यक्त झाला तो पुढील मोहिमेचे एक कारण ठरला. १७३३ साली बाजीरावाने मोहीम काढली, रायगड मराठ्यांस परत मिळाला; १७३६ साली चिमाजीआप्पाने सिद्दी सातला लढाईत ठार केले. या घटनांविषयी इतिहासकारांनी जो निवाडा केला आहे तो बदलण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ‘जुलमी’ आणि ‘परकी’ हे दोन शब्द आपल्या लेखनात एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि त्यामुळे दोन्हींचा अर्थ बिघडतो. जुलमाची शहानिशा कृत्यावरून करता येते, परकेपणाची उगमावरून. कृत्याचा दोष उगमावर ढकलला की मग त्याच उगमाच्या, परंतु ज्यांनी काही केले नाही अशा माणसांवरही तो दोष वंशपरंपरेने चालत राहतो. मुरूडच्या त्या विद्यार्थ्याच्या हसण्यामागे हेच होते.

दुसऱ्या टोकाचे लेखनही निर्दोष नाही. १८८३ सालच्या कुलाबा व जंजिरा या गॅझेटियरने संस्थानाची माहिती पुष्कळ व्यवस्थितपणे दिली. तथापि ब्रिटिश राज्यकर्त्यांना सोयीचे अशा रीतीने ‘आफ्रिकी राजवंश’ व ‘मराठी प्रजा’ यांतील भेद तीत ठसठशीत होतो. बाणाजींचा १९३२ सालचा मुंबई व सिद्दी यांच्या संबंधांवरील ग्रंथ मुंबईच्या खिडकीतून जंजिऱ्याकडे पाहतो; खिडकीतून जेवढे दिसते तेवढे त्याने प्रामाणिकपणे टिपले आहे. अलीकडील इंग्रजी लेखनात, विशेषतः भारतातील आफ्रिकी अमीर-उमरावांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सचित्र संकलनापासून, जंजिरा हे ‘भारतातील आफ्रिकी राज्य’ म्हणून गौरविले जाते. विस्मरणात गेलेल्यांस प्रकाशात आणण्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु आफ्रिकी अस्मिता ही अखंड व स्वयंसिद्ध वस्तू आहे असे गृहीत धरण्यात तीच चूक दुसऱ्या दिशेने होते. भाषेची साक्ष या गृहीताच्या विरुद्ध जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी कोकणीचा एक प्रकार बोलतात, गुजरातेतील सिद्दी गुजराती बोलतात; एकाच नावाखाली मोडणाऱ्या या समूहांची भाषा ते जेथे राहिले तेथील आहे. जंजिरा संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी होती. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात या किनाऱ्यावरील कोळी, आगरी, बाणकोटी, संगमेश्वरी अशा बोलींची नोंद आहे. ती नावे जातींवरून, धंद्यांवरून, बंदरांवरून पडली आहेत, राज्यावरून नव्हे. राज्याची सीमा भाषेने ओळखलीच नाही. खाडीच्या अलीकडची कोळीण व पलीकडची कोळीण यांच्या बोलण्यात नबाबाच्या आणि आंग्र्यांच्या मुलखातील फरक शोधू जाणारा निराश झाला असता.

मग जंजिऱ्याचे राजकीय स्थान नेमके काय होते? कागद आणि खडक यांचा मेळ कधीच बसला नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण १७९१ सालचे आहे. गादीवर हक्क सांगणाऱ्या बालूमियाँने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला, आणि मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. तेथे सचीन हे संस्थान उभे राहिले. त्या दिवसापासून कागदोपत्री जंजिरा पेशव्यांचा झाला. बेटावरील सिद्दीने तो कागद मानला नाही, आणि पेशव्यांचा एकही शिपाई बेटावर पोचला नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रज तिच्या सर्व हक्कांचे वारस झाले, त्यात हा न बजावलेला हक्कही आला. १८३४ साली त्यांनी जंजिरा ब्रिटिश सत्तेच्या अधीन असल्याचे जाहीर करून तेथील टांकसाळ बंद केली. नाणे पाडण्याचा हक्क हे सार्वभौमत्वाचे चिन्ह होते. शंभर-दीडशे वर्षे तोफांना जे साधले नाही ते एका जाहीरनाम्याने साधले. यानंतर मराठीत जंजिऱ्यास ‘संस्थान’ म्हणू लागले. हा शब्द मूळचा देवस्थानांचा व मठांचा. त्यात मान आहे, परंपरा आहे, उत्पन्न आहे, फक्त सत्ता नाही. इंग्रजी राजवटीला आपल्या अंकित राजांसाठी याहून समर्पक मराठी शब्द सापडला नसता. शब्द कोणी निवडला हे सांगता येणार नाही, पण ज्याने निवडला त्याला राजकारण चांगले समजत होते.

नाव आणि सत्ता यांच्या या लपंडावाचे आजचे उदाहरण पाहावयाचे तर पूर्व आशियातील तैवान बेटाकडे पाहावे. शिवाजीमहाराज जंजिऱ्याशी झुंजू लागले त्याच सुमारास, १६६२ साली, चेंग चेंगकुंगने त्या बेटावरून डचांना हुसकावले. १६८३ साली ते चिंग साम्राज्याकडे, १८९५ साली जपानकडे आणि १९४५ साली चिनी प्रजासत्ताकाकडे गेले. १९४९ साली मुख्य भूमीवर कम्युनिस्टांचा विजय झाल्यावर त्या प्रजासत्ताकाचे सरकार बेटावर आले, आणि १९७१ सालच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा बीजिंगकडे गेली. आज दोन कोटींहून अधिक लोकांचे, स्वतःचे सरकार निवडणारे, स्वतःचे नाणे व सैन्य असणारे हे बेट ऑलिंपिकमध्ये ‘चिनी तैपेई’ या नावाने उतरते. या नावातील ‘चिनी’ या शब्दाचे चिनी भाषेतील रूपांतर कसे करावे यावर वाद आहे. बेटावरील लोक ‘चोंगह्वा’ हा शब्द घेतात, त्यात चिनी संस्कृतीचा बोध होतो; बीजिंगला ‘चोंगक्वो’ हा शब्द पसंत, त्यात चीन या देशाचा बोध होतो. एका अवयवावर एक राज्य तोललेले आहे. आणि या वादाच्या खाली, आपल्या राम पाटलाच्या कोळ्यांप्रमाणे, त्या बेटाचे मूळ रहिवासी आहेत. मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलाचा प्रसार त्यांच्या बेटावरून झाला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. दोन्ही ‘चिनीं’च्या भांडणात त्यांच्या भाषांना विचारणारा कोणी नसतो. तुलना फार ताणू नये हे खरे. जंजिऱ्याच्या प्रजेला आपण कोण आहोत हे कोणी कधी विचारले नाही. तैवानच्या प्रजेला निदान निवडणुकीत मत देता येते. हा फरक लहान नाही.

जंजिऱ्यापुरता प्रश्न १९४८ साली मिटला. संस्थान मुंबई प्रांतात सामील झाले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला, आणि काठेवाडातील जाफराबादचा तुकडा तिकडे गेला. या घटनेस आपण ‘विलीनीकरण’ म्हणतो. मीठ पाण्यात विलीन होते तेव्हा मीठ दिसत नाही, पण पाण्याची चव बदलते. आपल्या इतिहासलेखनाने ही चव अद्याप घेतलेली नाही. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १६८९ साली मोगलांनी घेतलेला तो गड पुढे १७३३ पर्यंत सिद्दीच्या ताब्यात होता, हे मुरूडच्या शाळेतील मुलाला आपल्या जिल्ह्याचे नाव लिहिताना सांगितले जात नाही. सांगितल्याने रायगडाचे माहात्म्य कमी होईल असे आम्हांस वाटत नाही.

आळेफाट्यावरील त्या प्रश्नानंतर काही महिन्यांनी विद्यार्थ्याने प्रकरणाचा नवा मसुदा आणून दिला. ‘परकी’ हा शब्द त्याने सर्वत्र काढला होता. त्याच्या जागी एकच शब्द घातलेला नव्हता; जेथे उगमाचा संबंध होता तेथे ‘हबशी’, जेथे तहनाम्याचा होता तेथे ‘जंजिरेकर’, आणि जेथे किनाऱ्यावरील लुटीचा होता तेथे स्पष्टपणे ‘लुटारू’. एका ठिकाणी मात्र, राम पाटलाच्या मेढेकोटाविषयी लिहिताना, त्याने पीरमखानालाच परकी म्हटले होते, आणि समासात शिसपेन्सिलीने ‘सर, कोळ्यांच्या दृष्टीने?’ असे लिहिले होते. तो शब्द आम्ही तसाच ठेविला आहे.